नाव लावलं म्हणजे दिलं नव्हे

मामा गेले त्याच्या चौदाव्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, मामीनं लोखंडी कपाट उघडून एक शंभरपानी वही माझ्या हातात दिली. "काहीतरी लिहून ठेवलंय म्हणायचे. तू बघ जरा." पहिल्या पानांवर दूधवाल्याचा आणि वाण्याचा हिशेब होता. मधल्या एका पानावर मामांचं वळणदार अक्षर: डोंबिवलीचं घर मामीला, ठेवी मामीला, तिच्यामागे जे उरेल ते मुलगा आणि मुलगी दोघांना सारखं. खाली तारीख आणि सही. त्याखाली 'साक्षीदार १' असं लिहून शेजारच्या काकांची सही. आणि त्याच्याही खाली 'साक्षीदार २', पुढे कोरी जागा.

त्या कोऱ्या जागेनं आमच्या घरातली अडीच वर्षं खाल्ली.

इच्छापत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, वकिलानंच लिहावं असंही नाही. साध्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलेलं चालतं. १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा मागतो ते थोडंसंच: करणाऱ्याची सही, आणि किमान दोन साक्षीदार. त्या दोघांनी सही होताना पाहिलेली असावी किंवा 'ही माझीच सही' असं करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि त्याच्यासमोर स्वतः सही केलेली असावी. मामांना दुसरा माणूस मिळाला नसता असं नाही. त्यांच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं होती. 'बघू रविवारी' म्हणून राहून गेलं असेल. पण कायद्याच्या लेखी ते पान आता वाण्याच्या हिशेबाइतकंच होतं. मामा इच्छापत्र न करता गेले असं धरलं गेलं आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या मिळकतीचे तीन सारखे वाटे पडले: मामी, मुलगा, मुलगी. मामांची आई हयात असती तर चौथा वाटा तिचा झाला असता. ज्या घरात मामीनं पस्तीस वर्षं संसार केला, त्यात ती एक तृतीयांश हिस्सेदार झाली.

आणि इथेच दुसरी गुंतागुंत निघाली. सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून मामेभावाचं नाव होतं. बारा वर्षांपूर्वी सोसायटीनं सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले तेव्हा तो घरी होता, मामांनी त्याचं नाव घातलं. त्याची प्रामाणिक समजूत होती की बाबांनी घर आपल्या नावावर केलंय. नाशिकला दिलेल्या मामेबहिणीला मामा फोनवर म्हणाले होते, तुम्हा दोघांना सारखंच आहे. दोघंही खरं बोलत होते. कुणाला लोभ सुटला नव्हता, कुणी कुणाला फसवलं नव्हतं. तरी पहिल्या दिवाळीला ती आली नाही, आणि दुसऱ्या राखीला पाकीट पोस्टानं आलं.

हे माझ्या एकट्याच्या घरातलं दुखणं असतं तर लिहिलं नसतं. मराठी मध्यमवर्ग पै-पै जोडून घर घेतो, हप्ते फेडतो, मुलांना शिकवतो, आणि या सगळ्याचं पुढे काय हे ठरवण्याची वेळ आली की एका शब्दावर विसंबतो: नाव. 'मुलाचं नाव लावलंय.' 'सात-बारावर भावाचं नाव आहे.' 'खात्यावर सुनेचं नाव घातलंय.' नाव लावलं की दिलं, असा आपला पक्का समज आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत आपण गेल्यावर मागे राहणारे मोजतात.

नॉमिनी हा मालक नसतो. माणूस गेल्यावर संस्थेनं पैसे किंवा कागद कुणाच्या हाती द्यायचे, एवढंच नॉमिनेशन ठरवतं. त्या हातानं ते पुढे वारसांपर्यंत पोहोचवायचे असतात. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात विम्याबाबत हे सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या शक्ती येझदानी खटल्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, शेअर्सबाबतही तेच सांगितलं: नॉमिनेशन हा वारसा ठरवण्याचा तिसरा मार्ग नाही, वारसा इच्छापत्रानं ठरतो किंवा वारसा कायद्यानं. विम्याच्या कायद्यात २०१५ मध्ये एक अपवाद आला. आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी मानलं जातं. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्रानं २०१९ मध्ये कायद्यात नवं प्रकरण घातलं. त्यानुसार सभासद गेल्यावर नॉमिनी तात्पुरता सभासद होतो. खरे वारस ठरून सभासद होईपर्यंतच. माझ्या मामेभावाच्या हातात ते 'तात्पुरता' शब्द असलेलं पत्र आलं तेव्हा त्यानं ते तीनदा वाचलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात. सोय चांगली आहे. पण चार नावं घातली म्हणजे चौघांत वाटणी करून दिली, असं समजून कुणी निर्धास्त झालं तर गोंधळ चौपट होईल.

शहरात फ्लॅटचं जे होतं, ते गावाकडे सात-बाराचं होतं. कितीतरी उताऱ्यांवर आजही आजोबांचं नाव आहे, ज्यांना जाऊन तीस वर्षं झाली. कायद्यानं वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कळवायचं असतं. मग वारस नोंद, फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी असा तो रस्ता आहे. आपण कळवत नाही, कारण जमीन कुठे पळून जात नाही असं वाटतं. राज्य सरकारला २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच काढावी लागली, यावरून दुखणं किती पसरलंय ते कळतं. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरं असायची: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. पुढच्या पिढीत ती अक्षरं गळाली, नाव तेवढं उरलं, आणि धाकट्यांच्या नातवंडांना जुने फेरफार काढून सिद्ध करत बसावं लागलं की यात आमचंही आहे. महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते, पण ती मालकी निर्माण करत नाही. तिचा मूळ हेतू सारा कुणाकडून घ्यायचा हे ठरवणं, एवढाच.

उशीर केला की वारस वाढतात, हा साधा हिशेब आपण करत नाही. समजा आजोबांची जमीन चार एकर, म्हणजे एकशे साठ गुंठे. आजोबांची चार मुलं तेव्हा समोरासमोर बसून वाटप करू शकत होती. आज त्यांच्या मागे चौदा वारस आहेत: दोन पुण्यात, एक सुरतेत, एक अमेरिकेत, एकीचा नवरा वारलेला, एकाचा पत्ता नाही. तलाठी कार्यालयात चौदा सह्या गोळा करायच्या तर आधी चौदा मनं गोळा करावी लागतात.

सह्यांचा विषय निघाला की बहिणीची सही येते, आणि याबद्दल आपण स्वतःशी खरं बोललं पाहिजे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच, त्याआधी लग्न न झालेल्या मुलींना, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. तरी आपल्याकडे दहाव्या-तेराव्याच्या सुमारासच कुणीतरी म्हणतं, 'ताई काही मागणार नाही, ती हक्कसोड करून देईल.' ताई समोरच बसलेली असते. माहेर तुटेल या भीतीनं ती मान हलवते. जिला खरंच सोडायचं आहे तिनं खुशाल सोडावं. तिचा तो अधिकार आहे. पण स्थावरावरचं हक्कसोडपत्र नोंदवलेलंच लागतं, आणि ते समजून-उमजून केलेलं असावं. सुतकातल्या घरात, रडत्या बाईपुढे पेन ठेवून घेतलेली सही पुढे कोर्टातही टिकणं अवघड आणि नात्यातही. वडिलांना मुलाला जास्त द्यायचं असेल, मुलीला द्यायचं असेल, कसणाऱ्याला जमीन आणि दुसऱ्याला रोख द्यायची असेल, तर ते त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहून जावं. आपला अप्रिय निर्णय मुलीच्या सहीवर ढकलू नये.

स्त्रियांच्या मिळकतीचं तर आपण नावच काढत नाही. 'तिचं काय आहे वेगळं?' असं म्हणून विषय संपतो. हिंदू स्त्री इच्छापत्र न करता गेली तर तिच्या मिळकतीवर पहिला हक्क मुलं आणि नवरा यांचा. ते नसतील तर हक्क जातो नवऱ्याच्या वारसांकडे. तिच्या आईवडिलांचा क्रमांक त्यांच्यानंतर. माहेरून वारसानं आलेली मिळकत तेवढी, मूलबाळ नसेल तर, माहेरी परतते. तिनं स्वतः कमावलेली परतत नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालेला नारायणी देवींचा खटला वाचावा. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली पोर, सासरनं घराबाहेर काढलं, आईवडिलांनी सांभाळलं, शिकवलं, ती नोकरीला लागली. १९९६ मध्ये ती गेली. तिच्या कमाईची शिल्लक मिळाली तिच्या नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. न्यायाधीशांना त्यात काय दुखतंय हे दिसत होतं, पण कायदा तसा होता. एका पानाचं इच्छापत्र असतं तर हे घडलं नसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं देशातल्या स्त्रियांना आवाहन केलं की आपलं इच्छापत्र करून ठेवा. नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, मूल नसलेल्या प्रत्येक मराठी बाईनं हे आवाहन स्वतःला उद्देशून आहे असंच वाचावं.

या सगळ्याला कंटाळून काही लोक दुसऱ्या टोकाला जातात. 'जिवंतपणीच देऊन टाकतो, मागे कटकट नको.' महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये आहे, त्यामुळे बक्षीसपत्राचा मोह सोपा होतो. पण बक्षीसपत्र झालं की घर त्या क्षणी गेलं. इच्छापत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं, बक्षीसपत्र मनात आलं म्हणून फिरवता येत नाही. आपले हात कापून देणं म्हणतात ते हेच. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, परत मिळू शकते. पण त्यासाठी म्हाताऱ्या माणसानं पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करून उभं राहायचं असतं. ती वेळ कुणावर येऊ नये. द्यायचंच असेल तर अट कागदात स्पष्ट लिहावी, आणि राहतं छप्पर शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर ठेवावं.

आता प्रोबेटबद्दल, कारण इथे नुकताच मोठा बदल झालाय आणि त्याचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची भीती मला सर्वांत जास्त वाटते. इच्छापत्र खरं आहे आणि रीतसर झालंय असं कोर्टानं शिक्कामोर्तब करून देणं म्हणजे प्रोबेट. शतकभर नियम असा होता की मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांत केलेल्या किंवा तिथल्या स्थावराविषयीच्या इच्छापत्राला हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी कुटुंबांनी प्रोबेट घेतल्याशिवाय त्याच्या आधारे कोर्टात हक्क सांगता येत नव्हता. पुण्याच्या घराला जे लागत नव्हतं ते दादरच्या घराला लागायचं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं ते कलम, २१३ वं, काढून टाकलं. वकिलाची फी, कोर्टाच्या खेपा, महिनोन्‌महिन्यांची वाट यांतून असंख्य कुटुंबं सुटतील, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण सक्ती गेली, शंका गेलेली नाही. कुणी हरकत घेतली तर इच्छापत्र आजही सिद्ध करावंच लागतं, आणि हयात साक्षीदारांपैकी किमान एकानं कोर्टात येऊन सांगावं लागतं की हो, माझ्यासमोर सही झाली. नोंदणी केलेलं इच्छापत्रही याला अपवाद नाही. करणारा आजारी होता का, ज्याला सगळं मिळालं त्यानंच कागद तयार करवून घेतला का, इतरांना का वगळलं, असे प्रश्न कोर्ट विचारतं आणि त्यांची उत्तरं इच्छापत्र पुढे करणाऱ्यानं द्यायची असतात. पूर्वी सक्तीच्या प्रोबेटमुळे निदान मुंबईत हे प्रश्न सुरुवातीलाच विचारले जायचे, वारसांना नोटिसा जायच्या. आता एखादा कागद कपाटातून निघून थेट सोसायटीच्या टेबलावर जाईल, आणि प्रश्न पाच वर्षांनी, घर विकताना उठेल. तेव्हा साक्षीदार हयात असेलच असं नाही. कोर्टाच्या दारातली चाळणी काढली गेली म्हणजे ती काळजी आता आपल्या घरातच घ्यायची आहे. जिथे एका वारसाला वगळलंय, दुसरं लग्न आहे, सावत्र मुलं आहेत, तिथे सक्ती नसली तरी प्रोबेट घ्यावं, असं मी म्हणेन.

इच्छापत्र न करता माणूस गेला तर काय, हेही कुटुंबाला ठाऊक हवं. ठेवी, शेअर यांसाठी अनेकदा कोर्टाकडून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आपल्याकडे कोर्टातून मिळणारा वारस दाखला अजूनही १८२७ च्या मुंबई विनियमाखाली निघतो. आणि बरंच काही कुणी मागायलाच येत नाही. मार्च २०२४ अखेर रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत दावा न केलेले ७८,२१३ कोटी रुपये पडून होते. दहा वर्षं हात न लागलेल्या खात्यांचा हा पैसा. त्यात कुणाच्या तरी आजीची पेन्शन आहे, कुणाच्या तरी वडिलांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पावती आहे. घरात कुणाला माहीतच नव्हतं. आता रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नावानं शोध घेता येतो. तरी घरात एक यादी असती तर शोधायची वेळ आली नसती.

गोव्यातल्या मराठी घरांची गोष्ट वेगळी आहे, आणि मुंबई-पुण्याच्या सल्ल्यानं तिथे चालू नये. तिथल्या समान नागरी कायद्यात मूल असलेल्या माणसाला आपल्या मिळकतीचा अर्धाच भाग मर्जीनुसार देता येतो. उरलेला अर्धा वारसांसाठी राखीव असतो. लग्नात वेगळं काही ठरवलं नसेल तर नवरा-बायको मिळकतीचे अर्धेअर्धे धनी. वाटणी 'इन्व्हेंटरी' नावाच्या न्यायालयीन प्रक्रियेतून होते. इच्छापत्र पाहून ठरवण्याआधी मिळकत कुठली आणि कायदा कुठला, हे पाहावं.

मग करायचं काय? फार नाही, पण नीट. इच्छापत्र लिहावं, प्रत्येक पानावर सही करावी. आधीची सगळी इच्छापत्रं रद्द, असं त्यात स्पष्ट लिहावं. दोन साक्षीदार असे घ्यावेत की ज्यांना त्या कागदातून काही मिळत नाही आणि जे वयानं आपल्यापेक्षा लहान आहेत, कारण त्यांना आपल्यामागे साक्ष द्यायची आहे. वय झालं असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं पत्र जोडावं. कुणाला कमी देत असाल तर कारण दोन ओळींत लिहावं. न लिहिलेल्या कारणाच्या जागी मुलं स्वतःचं कारण भरतात, आणि ते नेहमी जास्त कडू असतं. अंमल करणारा विश्वासू माणूस नेमावा. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी, सक्ती नसली तरी. आणि मुलाला दिलेल्या कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नये. आपण गेलो की त्या क्षणी ते संपतं. त्यानंतर त्याच्या जोरावर काढलेला पैसा उद्या गुन्ह्याचा विषय होऊ शकतो, मग तो अंत्यविधीसाठी का काढलेला असेना.

हे सगळं करायला एक दिवस पुरतो. आपण तो दिवस का काढत नाही? मरणाचं बोलणं अशुभ मानतो म्हणून. आणि मला वाटतं, त्याहून मोठं कारण असं की कुणाला किती हे लिहिताना आपल्या मनातला पक्षपात आपल्यालाच दिसतो. तोंडी सगळ्यांना गोड सांगता येतं. कागद एकच गोष्ट सांगतो. पण जो निर्णय आपण आईवडील म्हणून, सगळ्यांच्या मायेच्या जोरावर घेऊ शकत होतो, तोच निर्णय आपल्यामागे भावंडांना एकमेकांचे प्रतिपक्ष होऊन घ्यावा लागतो. आपला संकोच त्यांच्या वाट्याला भांडण होऊन येतो.

मामांच्या घराचा शेवट तसा बरा झाला. अडीच वर्षांनी, मामीच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या निमित्तानं दोघं भावंडं एका खोलीत बसली. मी ती वही पुन्हा समोर ठेवली. कायद्यानं ते पान कामाचं नव्हतं, पण मामांना काय हवं होतं याबद्दल त्यात शंका नव्हती. दोघांनी आपापला वाटा आईच्या नावे सोडला आणि दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्र नोंदवलं. वही सापडली म्हणून. ती वाण्याच्या जुन्या हिशेबांबरोबर रद्दीत गेली असती तर काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गेल्या दिवाळीत मामीनं दोघांना बोलावलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिनं स्वतःचं इच्छापत्र केलं होतं. पाडव्याच्या दुपारी, जेवणं झाल्यावर, चष्मा पुसून तिनं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. शेवटच्या पानावर फॅमिली डॉक्टरांची सही होती आणि खाली समोरच्या बिऱ्हाडातल्या तरुण शिक्षिकेची. 'साक्षीदार २' पुढची जागा भरलेली होती. मग मामी उठली, कागद मामांच्या वहीत घालून कपाटात ठेवले, आणि किल्ली कुठे असते ते दोघांनाही दाखवलं.